मातीला गेलेत

वाघोलीच्या नव्या फ्लॅटमागे हातभर बाग मिळाली म्हणून आमचे हे खूश होते. भूगोलाचे निवृत्त मास्तर, खूश झाले की शिकवायला लागतात. माझा जीव मात्र मोगऱ्यात अडकला होता. सासूबाईंच्या हातचा तेवढाच उरला होता. खडकीच्या बैठ्या घरातून आणून बागेत लावला आणि महिन्याभरात त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली.

ह्यांनी खणून पाहिलं. वर चार बोटं विकतची लाल माती, खाली नुसता मुरूम.

"पाया खणताना बिल्डरने वरची काळी माती विकली आणि खालचा मुरूम वर पसरला. थरच उलटे केले." मग तास सुरू झाला. तळाशी काळा खडक. तो ऊन-पावसाने फुटतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाचा भुगा होतो. त्यात पालापाचोळा कुजला, गांडुळं वळवळली की कुठे वरची वीतभर माती तयार होते. "त्या वीतभरावर सगळं जग जेवतं. आणि ती व्हायला किती पिढ्या जातात, माहीत आहे?"

"तुमचं बोलणं संपेपर्यंत एखादा थर नक्की होईल," मी म्हटलं.

खडकीच्या अंगणातही मुरूमच होता. त्याची माती केली ती सासूबाईंनी. चहाचा चोथा, भाजीची देठं, देवाची सुकलेली फुलं, सगळं जन्मभर त्या मोगऱ्याच्या बुंध्याशी. ते घर आता पाडायला घेतलं होतं. यंत्र यायच्या आत ती माती आणायची म्हणून हे सकाळीच गोण्या आणि फावडं घेऊन निघाले.

थोड्या वेळाने शेजारच्या काकू आल्या. मूळच्या इथल्याच, वाघोली गावातल्या.

"भाऊ दिसंनात?"

"मातीला गेलेत," मी कणीक मळता मळता म्हटलं.

"अगं बया. कुणाच्या?"

"सासूबाईंच्या. खडकीला."

"आन् तुमी न्हाई गेला?"

"दोघांनी जाऊन काय करायचंय? शिवाय माझे गुडघे."

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या आणि निघून गेल्या. विचित्रच बाई, म्हटलं.

दुपारी त्या आणखी दोघींना घेऊन आल्या. हातात झाकलेली परात, तिच्यात पिठलं-भाकरी. तिघी भिंतीला टेकून गप्प बसल्या. माझ्या कुकरने शिट्टी दिली तेव्हा त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

तेवढ्यात हे आले, डोक्यापासून पायापर्यंत मातीत. "मिळाली बरं का आईची माती. मुरूम अजिबात घेतला नाही."

काकूंनी आ वासला. मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. आम्ही दुधाला जातो, भाजीला जातो, तसे हे मातीला गेले होते. काकूंकडे मातीला जातात ते माणूस गेल्यावर, त्याला पोचवायला. आणि दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणी पिठलं-भाकरी नेतात.

हसून हसून आमची पुरेवाट झाली. "आन् मी म्हणते, काय सून म्हणावी ही," काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या आणि परात उचलायला लागल्या.

"राहू द्या," हे म्हणाले. हे हसत नव्हते.

मोगरा पुढे त्या मातीत तरारला, आता ओंजळभर फुलं देतो. पण त्या दुपारी मला मोगऱ्याचं भानच राहिलं नाही. सासूबाई लॉकडाऊनमध्ये गेल्या. ह्यांना हॉस्पिटलच्या फाटकावरूनच परत पाठवलं होतं. घरी कुणाला येता आलं नाही. त्या दिवशीचा वरणभात मीच टाकला होता, आणि हे एक अक्षर न बोलता जेवले होते.

हात धुऊन हे खाली बसले. नखांत माती तशीच होती. भाकरी मोडली, एक घास घेतला आणि रडायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मलाही आवरेना.

काकूंनी पानात आणखी पिठलं वाढलं.

"खावा भाऊ," त्या म्हणाल्या. "आईच्या मातीला जाऊन आलात."