विहीणबाई लोकांना कामाला लावतात

आमच्या विहीणबाई डूला आहेत. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला आणि हसून मान डोलावली, कारण मला काहीच कळलं नव्हतं. मग त्यांनी समजावून सांगितलं. बाळंत होणाऱ्या बाईजवळ पहिल्या कळेपासून बाळ हातात येईपर्यंत बसून राहायचं, पाठ चोळायची, घोट घोट पाणी पाजायचं, धीर द्यायचा. डॉक्टर नाही, नर्स नाही, सुईणही नाही.

"म्हणजे नुसतं बसायचं?" मी विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या. "पण उठायचं नाही."

या बाईंशी जपून बोलायला हवं, हे मी तेव्हाच ओळखलं.

मी स्वतः जन्मभर एका सरकारी कचेरीत चौकशीच्या खिडकीत बसले. माणसांना या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवण्यात माझी हयात गेली. त्यामुळे मला कुणी बनवू शकणार नाही, असा माझा पक्का समज होता. विहीणबाईंनी तो हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या बसल्या मोडीत काढला.

त्यांना दोन आवाज आहेत. एक घरातला. त्या आवाजात त्यांनी व्याह्यांना हाक मारली की शेजारपाजारचेसुद्धा दचकतात. दुसरा कामाचा. तो खालच्या पट्टीतला आणि संथ. त्या आवाजात त्या "श्वास घे, आता सोड" म्हणाल्या की बाळंतीणच काय, दारातला वॉर्डबॉयसुद्धा श्वास सोडतो. फोन आला की घरातला आवाज जातो आणि कामाचा येतो. माझी सून सांगते, लहानपणी तिला सगळ्यात जास्त राग त्या दुसऱ्या आवाजाचा यायचा, कारण तो लागला की आई निघाली.

म्हणूनच दिवस भरत आले तेव्हा सुनेनं आईला अट घातली. "तू यायचंस. पण आई म्हणून यायचंस. डूला म्हणून नाही." आणि डूला म्हणून तिनं ठरवली ती विहीणबाईंच्याच हाताखाली तयार झालेली एक मुलगी. आम्ही तिला शिष्या म्हणतो.

विहीणबाई "बरं" म्हणाल्या. त्या बरं म्हणाल्या की मी सावध होते.

कळा सुरू झाल्या आणि आम्ही हॉस्पिटलात पोहोचलो, तेव्हा आई म्हणून आलेल्या या बाईंच्या खांद्यावर कामाची अख्खी पिशवी होती. तेलाच्या बाटल्या, शेकायची पिशवी, लोकरीचे मोजे, कळ आली की मुठीत आवळून धरायचा लाकडी कंगवा. दारावरच्या वॉचमननं उठून सलाम ठोकला. "मी इथलीच," असं म्हणत त्या सगळ्यांच्या पुढे आत शिरल्या. सुनेनं पिशवीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, बाहेर बस."

खोलीत डूलाशिवाय घरचं एकच माणूस चालतं, असा तिथला नियम. ते माणूस म्हणजे माझा मुलगा. आम्ही दोघी विहिणी बाहेरच्या बाकावर. ती रात्र आम्ही त्या बाकावर एकमेकींच्या खांद्यावर पेंगत काढली. त्याबद्दल दोघींनीही पुढे कुठे बोलायचं नाही, असं ठरलंय.

सकाळ झाली तरी बाळाला काही घाई दिसेना. विहीणबाईंचा सगळा जीव त्या दाराकडे. "हाक मारेल," असं दर थोड्या वेळानं मला सांगत होत्या, म्हणजे स्वतःलाच सांगत होत्या. जन्मभर परक्यांच्या लेकी त्यांचा हात सोडत नव्हत्या आणि पोटची पोर त्यांना दाराबाहेर बसवून आत एकटी सोसत होती. ती हाक आली नाही तर या बाई हे दुखणं आयुष्यभर उरात घेऊन फिरतील, हे मला दिसत होतं.

वेळ जावा म्हणून त्यांनी मला धंद्यातल्या खुब्या सांगायला सुरुवात केली. प्रत्येक घरात एक उकळणारं माणूस असतं, हा त्यांचा सिद्धांत. कधी नवरा, कधी आत्या, कधी निवृत्त काका. ते माणूस खोलीबाहेर असलं तरी त्याची वाफ आत जाते. त्याला "गप्प बसा" म्हणून उपयोग नाही. त्याला कामाला लावायचं.

"कसलं काम?"

"लांबचं हवं, वेळखाऊ हवं आणि मानाचं वाटायला हवं. आणि सांगताना 'तिला हवंय' असंच सांगायचं. 'मला हवंय' म्हटलं तर कुणी जागचं हलत नाही."

एका सासऱ्यांना त्यांनी घरची सवयीची उशी आणायला पाठवलं होतं. कुठली उशी ते कळेना, म्हणून ते टेम्पोत घालून गादी घेऊन आले. एका मामांना लिफ्टपाशी उभं केलं, डॉक्टर आले की लिफ्ट थांबवून ठेवा म्हणून. डॉक्टर रोज जिन्यानं येत. मामा सहा तास इमानेइतबारे लिफ्ट अडवून उभे होते आणि पुढे बारशाच्या दिवशी मीच बाळंतपण पार पाडलं असं सांगत फिरत होते. मी हसून हसून बेजार झाले. लोक तरी किती भोळे असतात, असं म्हणत डोळे पुसले.

"चहा घेऊन येता?" विहीणबाई म्हणाल्या. "त्या चौकापलीकडच्या दुकानातला. इथला मला सोसत नाही. आणि आल्यावर ही पिशवी परत मांडीवर घ्या, कुणाच्याही हाती जाऊ देऊ नका."

मी निघाले. जिन्यात अर्ध्यावर पोहोचल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कालपासून मी त्या चौकापलीकडे किती खेपा घातल्या होत्या, देव जाणे. आणि चहाचं मशीन आमच्या बाकाच्या मागेच होतं. मी तशीच परत फिरले.

"विहीणबाई, या घरातलं उकळणारं माणूस मी आहे का?"

त्यांनी माझ्याकडे अजिबात पाहिलं नाही. "आता बरंच कमी झालंय," म्हणाल्या.

मी फणकाऱ्यानं बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बाळ बरं आहे, आई बरी आहे, पण कळा थंडावल्या आहेत. मुलगी दमली आहे आणि अंग आखडून धरते आहे. सलाईनमधून औषध सुरू करतोय, थोडी वाट पाहू, नाहीतर सिझेरियन. विहीणबाईंनी मान हलवली. दुसऱ्या कुणाच्या लेकीबद्दल हेच ऐकून त्यांनी नातेवाईकांना हसत समजावलं असतं. इथे त्यांनी पिशवी उराशी घट्ट धरली.

डॉक्टरीणबाईंच्या पाठोपाठ शिष्या आली. "ताई, तिला तुमचा घरातला जुना गाऊन हवाय. खिसा फाटलेला."

विहीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच हसल्या. "वा. लांबचं, वेळखाऊ. आणि वर 'तिला हवंय'. चांगली शिकलीस."

"नाही ताई, खरंच म्हणतेय ती."

"असंच म्हणायचं असतं. अगदी असाच चेहरा करून म्हणायचं असतं. मीच शिकवलंय तुला. जा, तू तिच्यापाशी बस."

शिष्या माझ्याकडे बघायला लागली. मी नुकतीच पोळलेली. मनात म्हटलं, बरं झालं, कुणीतरी भेटलं शेरास सव्वाशेर. मी दुसरीकडे बघायला लागले. शिष्या आत गेली, थोड्या वेळानं परत येऊन तेच म्हणाली आणि तोंडात मारल्यासारखी परत गेली. विहीणबाई आता हसत नव्हत्या. "मला," त्या म्हणाल्या, "मला उकळणारं माणूस ठरवलं. माझ्याच मुलीच्या बाळंतपणात." त्यांचे डोळे भरून आले आणि माझा सगळा फणकारा उतरला.

मग दार धाडकन उघडलं आणि माझा मुलगा बाहेर आला.

"आई."

आम्ही दोघीही उभ्या राहिलो.

"तू नाही, तुम्ही," तो सासूला म्हणाला. त्याचे केस उभे होते आणि हातावर सुनेच्या नखांचे वळ होते. "गाऊन का नाही आणत तुम्ही? ती सारखी तेच विचारतेय. तुम्ही रात्री कामाला गेलात की ती दारामागच्या खुंटीवरचा तो गाऊन काढून त्यात तोंड खुपसून झोपायची. त्याशिवाय तिला झोप यायची नाही. तुम्हाला माहीत नाही?"

विहीणबाई मटकन खाली बसल्या. "मी रागवायचे," त्या म्हणाल्या. "सकाळी घरी यायचे तर गाऊन हिच्या अंथरुणात चोळामोळा झालेला. मला वाटायचं, खोड्या करते." मग माझ्याकडे वळल्या. "विहीणबाई, तिनं दोनदा मागितला."

आता मला खिडकीत बसून बोलायची सवय. मी पिशवी खांद्याला लावली आणि म्हटलं, "रडायचं रिक्षात. उठा."

घराशी पोहोचलो तेव्हा किल्ली त्यांनी माझ्याच हातात दिली. कुलूप मी उघडलं. दारामागच्या खुंटीवर गाऊन नव्हता. कपाटात नव्हता, बादलीत नव्हता. शेवटी परगावी गेलेल्या व्याह्यांना फोन लावला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तो होय? त्यानं मी स्कूटर पुसतो." त्यावर विहीणबाई घरातल्या आवाजात जे बोलल्या ते मी इथे सांगत नाही. व्याह्यांनी त्यानंतर आठवडाभर स्कूटरला हात लावला नाही.

गाऊन स्कूटरच्या सीटखाली सापडला. बोळा झालेला, ऑइलचे डाग पडलेला, खिसा एका धाग्यावर लोंबणारा. विहीणबाईंनी नाकाला लावला आणि त्यांचं उरलंसुरलं अवसान गळालं. "पेट्रोलचा वास येतोय. माझा कुठे येतोय?"

"मग अंगात घाला," मी म्हटलं. "हॉस्पिटल येईपर्यंत येईल."

त्यांनी एका शब्दानं वाद घातला नाही. कपड्यांवरून तो गाऊन चढवला आणि रिक्षात बसल्या. रिक्षावाल्यानं आरशात दोनदा पाहिलं. मी तिसऱ्यांदा पाहू दिलं नाही.

हॉस्पिटलच्या दारात वॉचमननं हात आडवा घातला. तोच, कालचा सलामवाला. विस्कटलेले केस, डागाळलेला गाऊन, सुजलेले डोळे. त्यानं या बाईंना ओळखलंच नाही. "बाई, कुठे चाललात? भेटायची वेळ संपली."

एरवी त्याची धडगत नव्हती. इतक्या वर्षांत त्यांना त्या दारात कुणी अडवलं नव्हतं. मी वाट बघत होते, आता "मी इथलीच" येणार म्हणून. पण विहीणबाई त्याच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"माझी मुलगी आहे हो आत," त्या म्हणाल्या. "मी तिची आई."

आवाज कामाचा नव्हता आणि घरातलाही नव्हता. हा तिसरा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. वॉचमननं हात बाजूला घेतला, आणि मग कोण ते लक्षात आल्यावर बिचारा सलाम करायलाही विसरला.

मुलगा बाहेर आला, त्या आत गेल्या. पिशवी माझ्या मांडीवरच राहिली. तेल, कंगवा, मोजे, कशाचीच त्यांना आठवण झाली नाही. गाऊनमुळे कळा परत सुरू झाल्या असं मी म्हणणार नाही. सलाईनमधलं औषधही एव्हाना लागू पडलं असेल, आणि डॉक्टरीणबाईंशी मला भांडायचं नाही. पण कळा सुरू झाल्या. आतून शिष्येचा संथ, खालच्या पट्टीतला आवाज येत होता आणि त्याच्यावर विहीणबाईंचा, "अगं माझ्या बाई, अगं माझ्या सोन्या," असा अगदी कुणाच्याही आईसारखा. शिष्येनं त्यांना मध्येच, "ताई, तुम्हीपण श्वास घ्या," म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं.

दुपारी नात झाली, सिझेरियनशिवाय. आमचा जीव भांड्यात पडला. माझा मुलगा भिंतीला टेकून खाली बसला तो बसलाच, त्याला दोन वॉर्डबॉयनी उठवलं.

विहीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर गाऊन नव्हता. आतच राहिला होता, आणि अजूनही तो सुनेकडेच आहे, धुऊ देत नाही. त्या माझ्या शेजारी बसल्या.

"बोलली काही?" मी विचारलं.

"मी दारातून आत गेले ना, तर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, 'आलीस घरी?'"

  त्यांना माझ्यासमोर रडायचं नव्हतं आणि आवरतही नव्हतं. त्यांनी मान वळवली.

"विहीणबाई, चहा आणता? त्या चौकापलीकडच्या दुकानातला."

चहाचं मशीन आमच्या मागेच घरघरत होतं. मी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि चौकापलीकडे गेले, आणि सावकाश परत आले.