मधल्या खुणा

विजयमालाबाईंचा राग नाकावर असतो, हे नांदूरघाटात कुणीही सांगेल. तो कशाचा, हे मात्र कुणी विचारत नाही.

एकोणीस वर्षं त्या इथल्या शाळेत भूगोल शिकवतात. सप्टेंबरात दिवसरात्र सारखी झाली की मैदानात काठी रोवायची, तासातासाला सावलीच्या टोकाशी चुन्याची खूण करायची, संध्याकाळी खुणा जोडायच्या. एरवी त्या रेघेला बाक येतो, त्या दिवशी ती सरळ येते. मग बाई शब्द उलगडतात. विषुव. विषु म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं. फार पूर्वी वर्षभर यज्ञ चालायचा, त्याच्या मधल्या दिवसाला विषुवत् म्हणत. अलीकडे सहा महिने, पलीकडे सहा महिने. पुढे तेच नाव या दिवसाला मिळालं.

गेल्या खेपेला सातवीतली रोहिणी म्हणाली, "मंग आमचं बी तसंच हाय बाई. सा म्हयने हितं, सा म्हयने उसात."

बाईंना हसू आलं नाही. मार्चमध्ये हीच रेघ पुन्हा उमटते, पण तोवर अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेला असतो. दोन्ही रेघा पाहिलेलं त्यांच्यातलं एकही पोर बाईंना आजवर मिळालं नव्हतं. रोहिणी तरी मिळावी म्हणून तिच्या आईच्या, भिवराबाईच्या दारात त्यांनी चार खेपा घातल्या. पोरीला आजीजवळ ठेवा, एवढंच मागणं. भिवराबाईने हो म्हटलं, चहा पाजला, आणि दसरा होताच ट्रॅक्टरमध्ये भांड्याकुंड्यांशेजारी रोहिणीलाही बसवलं.

"आमी दोघं कोयत्यावर. तान्ह्याला कोण बघंल, बाई?"

बाईंचा संताप झाला. तो कुणावर काढावा, ते काही कळेना.

वीस मार्चला त्यांनी अर्ध्या वर्गासमोर काठी रोवली. संध्याकाळी भिवराबाईच्या फोनवरून रोहिणी बोलली. तिनेही तिकडे खोपीपुढे उसाचं टिपरू रोवलं होतं.

"आली का रेघ सरळ?" बाईंनी घाईने विचारलं.

"एक खूण सकाळची, एक दिस कलतानाची. मदी बाळाला घिऊन फडात गेलते. दोन खुणांची रेघ रोजच सरळ यील की, बाई. आज येगळं काय झालं, ते मला कसं कळायचं?"

एकोणीस वर्षांत वर्गात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आज विचारणारी पोर वर्गात नव्हती.