डाव्या हाताच्या गवऱ्या

महाळुंग्यात गिरजाबाईंची तीन मजली इमारत आहे. खोल्या कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या, आणि गच्चीवर ताडपत्रीखाली गवऱ्यांची रास. म्हशी विकून नऊ वर्षं झाली, गोठ्याच्या जागी आता मोटारसायकली लागतात, पण रास आहे तिथंच. दर उन्हाळ्यात गिरजाबाई ती उकलतात, गवऱ्यांना ऊन दाखवतात आणि पुन्हा रचतात. कुणी हसलं की म्हणतात, "अडीनडीला ठेवल्यात. गॅसचा काय भरवसा?"

यंदा तो भरवसा खरंच सुटला. सिलिंडर पंधरा-पंधरा दिवस येईना. दुसऱ्या मजल्यावरचा समाधान म्हणाला, "मावशी, चार गवऱ्या द्या की, भात तरी टाकतो." गिरजाबाईंनी वखारीतून लाकडं आणली, अंगणात चूल मांडली आणि सगळ्या पोरांना दोन्ही वेळा रांधून घातलं, पण राशीला हात लावू दिला नाही. लेक रविराज वैतागला. "आई, ह्याच्याहून मोठी अडीनड कसली?"

त्याला काय सांगणार? त्या गवऱ्या गिरजाबाईंनी एकट्यानं थापल्या नव्हत्या. धाकटी जाऊ सोजराबाई शेजारी बसायची. ती डावखुरी. गवरीवर पंजा उमटतो, त्यात गिरजाबाईंचा अंगठा डावीकडे आणि सोजरेचा उजवीकडे, एवढाच काय तो फरक. शेवटची म्हैस विकायच्या आधी दोघींनी मिळून ही रास घातली होती. सोजरेची दिव्या तेव्हा नववीत होती. "आक्का, हिच्या बाळंतपणात शेक-शेगडीला ह्याच वापरू," सोजरा म्हणाली होती.

पुढं बांधाच्या एका दगडावरून भाऊ-भाऊ भांडले. भांडण त्यांचं, अबोला मात्र बायकांच्या वाट्याला आला. सोजरा मोशीला फ्लॅटमध्ये राहायला गेली. मोशी काही सातासमुद्रापार नाही, अर्ध्या तासाची वाट, पण नऊ वर्षांत ती कुणी तुडवली नाही. गिरजाबाईंना तिची फार आठवण यायची. आली की त्या गच्चीवर जायच्या.

आणि एके दिवशी सून मिनल मोबाइल घेऊन आली. "आई, दिव्याला मुलगी झाली."

गिरजाबाई फोनची वाट बघत राहिल्या. पाचवी झाली तरी फोन आला नाही. सहाव्या दिवशी त्यांनी पोतं घेतलं आणि राशीपुढं बसल्या. सोजरेच्या हातची गवरी आली की ती पोत्यात जाईना. उचलायच्या, अंगठा कुठं आहे ते बघायच्या आणि बाजूला ठेवायच्या. पोतं भरलं ते सगळं स्वतःच्या हातच्या गवऱ्यांनी. मिनल जिन्यातून बघत होती. मिनलच्या स्कूटरवर ते बांधताना एवढंच म्हणाल्या, "दे आणि ये. काही विचारलं तर सांग, कबूल केल्याल्या हायत."

दुपारी मिनल परतली. गिरजाबाई पायरीवरच बसून होत्या.

"घेतलं का पोतं?"

"घेतलं. काकूंनी खाली बसून एकेक गवरी बघितली. मग म्हणाल्या, माझ्या हातची एकबी न्हाई का गं ह्यात?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, त्या आईंनी ठेवून घेतल्यात. द्यायला जीव झाला नाही."

गिरजाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "मग?"

"काकूंनी शेगडी पेटवली, दिव्याला शेक दिला. पण त्यातली एक मात्र जाळू दिली नाही. ओट्यावर गॅसच्या बाजूला उभी करून ठेवली. दिव्या म्हणाली, आई, गवरी काय ओट्यावर ठेवतेस? तर म्हणाल्या, राहू दे, अडीनडीला हाय."