बायायची खोली

हंगामाच्या शेवटच्या खेपेपासून प्रल्हादच्या जिवाला चैन नव्हती. मोताळ्याहून कापसाचा ट्रक घेऊन तो गुजरातेत गेला होता, आणि वाटेत एका ढाब्यामागे जे घडलं ते काही केल्या डोक्यातून जात नव्हतं. घरी रेणुका पोटुशी. तिची एचआयव्हीची तपासणी आधीच झाली होती, रिपोर्ट चांगला होता. नवऱ्यालाही घेऊन या, असं नर्सबाईंनी सांगितलं तेव्हा हा पठ्ठ्या म्हणाला, तुझा चांगला तर माझाही चांगलाच. पण ती खेप त्या रिपोर्टनंतरची, हे एकट्या त्यालाच ठाऊक. उकडतं म्हणून तो ओट्यावर झोपू लागला. पाऊस लागला तरी आत येईना.

तपासणीला जायचं कसं? दवाखान्यात त्या तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर गडीमाणूस दिसला, की रक्ताच्या आधी पानठेल्यावर त्याचा निकाल लागायचा. शेवटी त्यानं डोकं चालवलं. कापसाचं बीटी बियाणं आलं तरी किडीसाठी फवारणी सुटली नव्हती, आणि फवारताना औषध लागून दवाखान्यात जाण्यात कसली आलीय लाज! थोडं फवारून तो वावराच्या बांधावर, धुऱ्यावर आडवा झाला, गरगरतंय म्हणाला.

सोंग जरा जास्तच वठलं. शेजारच्या वावरातल्या म्हाताऱ्या शकूरभाईंनी त्याला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं, सलाइन लागलं, आणि अर्धं गाव भेटायला आलं. ज्यांच्यापासून लपायचं तेच उशापायथ्याशी. नुसता वैताग. सलाइन संपलं, माणसं चहाला गेली, तसा तो उठून तपासणीच्या खोलीपाशी पोचला. बाकड्यावर सगळ्या गरोदर बाया. आतल्या मॅडमनी खुर्ची पुढे केली, तेवढ्यात मागून शकूरभाईंनी दंड धरला.

"अबे, हे बायायची खोली आहे. औषध डोक्यात चढलं काय तुह्या?"

त्या धरण्यात माया होती, म्हणूनच हात सोडवता येईना. "हाव, चुकलो," म्हणत प्रल्हाद खाटेवर परतला. स्वतःचा एवढा राग त्याला कधी आला नव्हता.

संध्याकाळी घरी आल्यावर रेणुकानं त्याचं अंथरूण आत, आपल्या शेजारी घातलं. आज बाहेर झोपू नका, मला भीती वाटते, म्हणाली.

तो उंबरठ्यातच थांबला. "मले उद्या परत दवाखान्यात जायचं आहे."

"काऊन? उतरलं न औषध?"

तिच्या पोटाकडे पाहवत नव्हतं, तरी त्यानं पाहिलं.

"मले औषध लागलंच नव्हतं, रेणुका. बस, सांगतो."