इंदूच्या कमरेवरचा पेडोमीटर

"तू अर्ध्यातूनच वळलीस," मी इंदूला म्हणालो. तिला अजून धाप लागलेली होती.

"नाई सर, वाडीच्या नाक्याले हात लावून आली मी. मले खोटी काहून म्हणता?"

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी नागपूरच्या एका कॉलेजात स्पोर्ट्स इन्स्ट्रक्टर होतो. मुलींच्या धावण्याच्या टीमची ट्रायल होती, अमरावती रोडने नाक्यापर्यंत आणि परत. एरवी नाक्यावर आमचा शिपाई प्रत्येकीच्या तळहातावर शाईचा शिक्का मारायचा. त्या वर्षी पेडोमीटर आले, म्हणून मी त्याला पाठवलंच नाही.

पेडोमीटर म्हणजे कमरेला अडकवायचं, खिशातल्या घड्याळाएवढं यंत्र. पावलाच्या हिसक्याने आतला दांडा हलतो, काटा पुढे सरकतो. इंदू सगळ्यांच्या बरीच आधी परतली आणि तिच्या यंत्राने निम्मंच अंतर दाखवलं. मला तेवढं पुरलं.

"मशीनची काय तुझ्याशी दुश्मनी आहे का वं?" आमच्या क्रीडा विभागाचे हेड हसत म्हणाले. तिचं नाव कापलं गेलं. टीममध्ये आली तरच नागपूरला ठेवीन, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं. ते उमरेडला हातमागावर बसत. ते येऊन तिला घेऊन गेले.

पुढच्या रविवारी खोलीवर मी एकटाच होतो, रोजच्यासारखा. सहज पायजम्याच्या नाड्याला पेडोमीटर अडकवून मैदानाला चक्कर मारली. काटा जेमतेम हलला. पँट घालून पट्ट्याला लावला, तर अंतर बरोबर. नाड्यावर यंत्र कलतं, दांडा अडकतो. बाकीच्या मुली घट्ट इलॅस्टिकच्या पँटमध्ये धावल्या होत्या. इंदू सलवारीत.

सोमवारी हेडना सांगितलं.

"टीम स्पर्धेले गेली ना आता! चूप बसा ना गा, आपलीच इज्जत काहून काढता?"

मी चूप बसलो. रिटायर होईपर्यंत.

नंतर शोधत गेलो. इंदू आता नागपुरातच, गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या दुकानात बसते. सगळं सांगितलं. ती साडीची घडी घालत ऐकत होती.

"मले काय सांगता सर, मी तर पळालीच होती. बाबाले सांगायचं होतं. ते मरेपर्यंत मले खोटारडीच समजले."

तिने चहा मागवला. मी तो घेतला आणि खोलीवर परत आलो.

पेडोमीटर कमरेला सरळ आणि घट्ट बसलेला नसेल, तर त्याचा आकडा धरू नये. सांगायचं एवढंच होतं. ते त्याच सोमवारी उमरेडला जाऊन सांगायचं होतं.