तुमची खोली कोणाला द्याल?

माझ्या पीएच.डी.चा विषय ऐकला की लोक आधी हसतात आणि मग माझं आडनाव विचारतात. नाशिकमध्ये खोली भाड्याने देताना माणसं जात किती बघतात, हा तो विषय. मी बौद्ध. आई म्हणायची, याचं उत्तर तुला घरात बसून मी सांगितलं असतं, त्यासाठी विद्यापीठात कशाला जायला हवं? पण विद्यापीठात आईचं म्हणणं चालत नाही, मुलाखती लागतात.

तर मी मुलाखती घेत सुटले. गळ्यात ओळखपत्र, त्यावर आडनाव चांगलं ठळक. प्रत्येक घरात चहा आणि प्रत्येक घरात तेच उत्तर, "छे हो, आम्ही असलं काही मानत नाही." ज्या गल्लीत मला स्वतःला खोली नाकारली होती, त्याच गल्लीत हे ऐकून घ्यायचं म्हणजे काय ते मलाच ठाऊक. माझं डोकं मुळात लवकर तापतं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी सगळी उत्तरं वाचली आणि म्हणाल्या, "या हिशेबाने नाशकात जात उरलेलीच नाही. अभिनंदन." मग माझ्या ओळखपत्राकडे बोट दाखवलं. "हे वाचून लोक तुला बरं वाटेल असं बोलतात. प्रश्न त्यांच्यातल्याच कोणीतरी विचारायला हवेत."

त्यांच्यातलं कोणीतरी माझ्याच घरात होतं. माझ्या घरमालकीण काकू. द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला त्यांचं छोटं घर, त्यातली मागची खोली माझी. काका अंबडला कंपनीत होते, ते गेल्यापासून काकू एकट्याच. मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनीही आडनाव विचारलंच होतं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मटण करशील?" मी जरा तोऱ्यातच म्हटलं, हो, करणार. "मग मला वाटीभर देत जा. एकटीसाठी करायचा कंटाळा येतो." विषय संपला. एवढ्या सहज मला या शहरात कोणी खोली दिली नव्हती, आणि त्या खोलीशिवाय माझं संशोधन एक पाऊल पुढे गेलं नसतं.

काकूंना मुलाखतींचं विचारलं तर त्या लगेच तयार झाल्या. त्यांनी विचारायचं, मी लिहायचं. नियम एकच, समोरचा काहीही बोलला तरी मध्ये आपलं मत द्यायचं नाही. आम्ही खोटं काही सांगत नव्हतो. विषय कोणता, कशासाठी, सगळं आधी सांगायचो. फक्त आता माझं आडनाव कोणी विचारत नव्हतं. काकूंबरोबर आलेली पोरगी म्हणजे काकूंच्यातलीच, असं लोक परस्पर ठरवून मोकळे व्हायचे. आणि मग जे काही बोलायचे ते बोलायचे. कोणाला आमच्या भांड्यांचा वास यायचा, कोणाला आमच्या जयंतीचा त्रास व्हायचा. मी मान खाली घालून लिहीत राहायचे. बाहेर आल्यावर काकू रस्त्यातच थांबायच्या. "ऐकून कशी घेतेस गं तू?" मी म्हणायचे, "काकू, हेच ऐकायला तर आलोय." त्या दिवशी मग त्या माझ्याशी जास्तच गोड बोलायच्या, मला उगाच केळी घेऊन द्यायच्या. मला हसू यायचं आणि भरूनही यायचं.

चांदवडला त्यांची थोरली नणंद होती. काकू त्यांना आक्का म्हणायच्या. आक्कांच्या दोन खोल्या हायवेजवळ भाड्याने असायच्या, म्हणून त्यांची मुलाखत घ्यायची ठरली. पण मी जायला नको म्हणत होते, कारण काकूंचं एक काम आक्कांकडे अडकलं होतं. नाशिकचं घर अजून सासऱ्यांच्या नावावर होतं. आक्कांनी हक्कसोड पत्रावर सही केली की घर काकूंचं. नाही केली तर वाटणी, म्हणजे एवढंसं घर विकणंच आलं. सही करते असं आक्का तोंडी म्हणाल्या होत्या, अजून केली नव्हती. काकू म्हणाल्या, "तू नुसती लिही. तिला काय कळतंय?"

आक्कांच्या अंगणात कांदा पसरला होता. त्या कांदा निवडता निवडता उत्तरं देत होत्या. बाई रोखठोक. काकूंनी शेवटचा प्रश्न विचारला, बौद्ध कुटुंबाला खोली द्याल का?

"नाय देणार," आक्का म्हणाल्या. "रिकामी राहिली तरी चालंल. मला नाय जमत, उगा खोटं कशाला बोलू?"

मी लिहिलं. एवढ्यात आक्कांनी हात पुसले आणि माझ्याकडे नीट निरखून बघितलं. "पोरगी गुणाची हे गं. खाली मान घालून लिहिती बिचारी. आपल्यात शिकलेली पोरगी भेटत नाय हल्ली. माझ्या दिराचा पोरगा अंबडलाच हे, नोकरी पक्की. कुठलं गाव तुमचं, बाई? आडनाव काय?"

माझ्या आडनावावरून कळलं असतंच. मी काकूंकडे बघितलं. काहीतरी सांगून वेळ मारून नेणं त्यांना अवघड नव्हतं. तिचं ठरलंय म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी मनातून तेच मागत होते, खरं सांगते. खोली माझी जाणार होती, पण घर त्यांचं जाणार होतं.

काकू म्हणाल्या, "आक्का, ती बौद्ध आहे. माझीच भाडेकरू आहे. मटण माझ्यापेक्षा बरं करते."

आक्कांचा हात कांद्यावरच थांबला. मग त्या उठल्या आणि घरात गेल्या. आम्ही थोडा वेळ वाट बघितली. त्या बाहेर आल्या नाहीत, तेव्हा आम्ही चपला घातल्या आणि स्टँडवर आलो.

एसटीत काकू खिडकीला टेकून बसल्या. मी रडत होते, त्या नव्हत्या. "काकू, नसतं सांगितलं तर काय बिघडलं असतं?" त्या म्हणाल्या, "तुझ्यासमोर तुला नाकारू होय मी? घराचं काय व्हायचं ते होईल. कोर्टकचेरीला वेळ लागतो. तुझं लिहून होईपर्यंत तरी तुला कोणी हलवत नाही." आजवर माझ्यासाठी कोणी एवढं पणाला लावलं नव्हतं, आणि ते इतक्या सपाट आवाजात. मी त्यांचा हात धरला. तो पिंपळगाव येईपर्यंत सोडला नाही.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझी ओळख कळायच्या आधीची उत्तरं धरता येतील, नंतरचं काही नाही. मीही ते मान्य केलं.

पुढचे दिवस काकू फोन वाजला की दचकायच्या. मी दुसरी खोली शोधते म्हटलं की अंगावर यायच्या. आणि एका दुपारी आक्कांचा फोन आला. काकूंनी स्पीकर लावला.

"त्या पोरीला दे," आक्का म्हणाल्या.

"बोला, आत्याबाई," मी म्हटलं.

"माझं उत्तर काय लिहिलं तू?"

"तुम्ही बोललात तेच. देणार नाही."

"नंतर खोडलं नाय ना? गोड करून नाय ना लिहिलं?"

"नाही."

मग आक्का म्हणाल्या, "बरं केलं. मी बोलले ते बोलले. पण तोंडावर बोलले तुला, ते लय लागलं मला. त्या दिसापासून घास गोड नाय." पुढे म्हणाल्या, "तिला सांग, सोमवारी येती मी सही करायला. मुक्कामाला ऱ्हाईन. तिच्या पुढच्या खोलीत ढेकूण झाले म्हणत व्हती मागं, तुझ्या खोलीत झोपीन मी. चालंल का तुला?"

माझ्या सगळ्या मुलाखतींत कोणीच मला हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "चालेल, आत्याबाई."