जेलस की एन्व्हिअस?

मंगळवारी भाईंदर पूर्वेला माझ्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये शिकवायला मी होते... आणि शिकलेही मीच.

दुपारच्या बॅचला सगळ्या गृहिणी असतात. मराठी, गुजराती, मारवाडी, यूपीच्या... त्यामुळे क्लास इंग्लिशचा असला तरी शिकवणं बरंचसं हिंदीतून चालतं.

त्या दिवशी जवळच्या अर्थाचे शब्द घेत होते. 'जेलस' म्हणजे काय विचारलं, तर सगळ्या एका सुरात "जलन!" म्हणाल्या. शब्द ओळखीचाच की... कोणी गोव्याचा फोटो टाकला की आपण खाली 'सो जेलस!' लिहून एक हसरा चेहरा चिकटवतो. तिथे त्याचा अर्थ 'मजा आहे बाई तुझी', एवढाच.

मी बोर्डवर शेजारी 'एन्व्हिअस' लिहिलं. पूजा नावाची नवीन लग्न झालेली मुलगी आहे, तिने लगेच विचारलं, "टीचर, दोनों में फरक क्या है?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. दुसऱ्याकडे आहे ते आपल्यालाही हवंसं वाटलं, तर आपण एन्व्हिअस... म्हणजे आपला हेवा. आणि जे आपलं आहे ते कोणीतरी घेऊन जाईल अशी धास्ती वाटली, तर जेलस. बोलताना लोक दोन्हीकडे जेलसच म्हणतात, ते चालतं.

पूजाने दोन्ही शब्द वहीत उतरवले. मग म्हणाली, "दीदी डिलिवरी के लिए मायके आई थी ना, तो मम्मी दिनभर उसी के पास. मुझे दीदी के जैसा बेबी नहीं चाहिए था, टीचर. मुझे मम्मी चाहिए थी. तो मैं जेलस थी?"

"येस," मी म्हटलं. बायका हसल्या. माझ्या डोळ्यांसमोर मात्र एकदम नीलिमा आली.

नीलिमा माझी मैत्रीण. बेव्हर्ली पार्कला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. मुलं केजीत होती तेव्हापासून भाजी, डॉक्टर, साड्यांचा सेल... सगळीकडे दोघी जोडीनं.

या उन्हाळ्यात मीच तिला ओढून स्विमिंगला नेलं. सकाळची लेडीज बॅच. ती इतकी घाबरायची की सुरुवातीला पायरीवरच बसून राहायची. मीच हात धरून तिला पाण्यात उतरवली.

आणि थोड्याच दिवसांत बाई खोल पाण्यात! मी अजून उथळ बाजूला दांडा धरून पाय मारतेय, कोच मॅडम "गुडघे सरळ!" म्हणून ओरडतायत... आणि पलीकडे नीलिमा आरामात या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बरं, पोहणं एकवेळ सोडा. खोल पाण्यातल्या बायकांचा तिकडे ग्रुप झाला. बॅच सुटली की त्या बाहेरच्या गाडीवर इडली खायच्या. "चल ना," नीलिमा म्हणायची. मी "घाई आहे गं" सांगून रिक्षात बसायचे... घरी कसलीही घाई नसायची.

मग बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. ओले केस, हातात प्लेट, त्या बायकांतल्याच भावनाबेनच्या खांद्यावर रेललेली नीलिमा. मी खाली 'सो जेलस!' लिहिलं, हसरा चेहरा टाकला... आणि दुसऱ्या दिवसापासून पूलवर जाणं बंद केलं. नवऱ्याला सांगितलं, क्लोरीन सोसत नाही. नीलिमाच्या मेसेजलाही तेच उत्तर.

इतके दिवस मी स्वतःची समजूत घालत होते, की तिला जमलं आणि मला नाही म्हणून पोटात दुखतंय. पण त्या क्षणी, बोर्डसमोर, लक्षात आलं... मला कोणी पोहणं आयतं दिलं असतं, तरी पोट दुखायचं थांबलं नसतं. पूजाला मम्मी हवी होती, तशी मला नीलिमा हवी होती...

क्लास सुटल्यावर मी थेट नीलिमाच्या दारात. ती कणीक मळत होती, तशाच हातांनी दार उघडलं.

"मी जेलस आहे तुझ्यावर," मी म्हटलं. "खरंच. फोटोखाली लिहितात तसं नाही."

"पोहते म्हणून?"

"नाही गं. त्या भावनाबेनमुळे."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. "मला वाटलं तुला त्या बायका आवडत नाहीत," ती म्हणाली. "रोज पळून जायचीस. आणि एक सांगू? मला पाण्यात नेलंस तू. मला जमल्यावर सगळ्या म्हणाल्या, छान. तू सोडून. मी रोज त्या टोकाला पोचले की आधी तुझ्याकडे बघायचे... तू दुसरीकडे बघत असायचीस."

माझ्या जळण्याचा चटका तिलाही बसत होता, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"छान पोहतेस गं," मी म्हटलं. फार उशिरा, पण म्हटलं. तिने पिठाच्या हाताने डोळे पुसले, आणि मग मात्र दोघी हसत सुटलो... तिच्या भुवईला सगळी कणीक!

बुधवारी पूलवर गेले. दांडा अजून सुटलेला नाही. बॅच संपल्यावर मी पण इडलीच्या गाडीवर. भावनाबेन बाकावर सरकल्या. "आवो, बेसो. नीलिमा तो पूरा टाइम आपकी ही बात करती है. हमको लगा, ये मैडम हमसे मिलेगी कब!"

मी सांबार तिखट आहे म्हणाले आणि रुमाल काढला. आपल्या पाठीमागे कोणी आपलं इतकं कौतुक करत असतं... आणि मी घरी बसून क्लोरीनला दोष देत होते.